राज्यात पहिली आलेली बांधी

ज्या वर्षी आमची बांधी राज्यात पहिली आली, त्या वर्षी तिच्यातून एक पोतं धानही घरी आलं नाही. हे वाक्य मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही. लिहायला बसले की वाटतं, एवढंच तर आहे सगळं, आणखी काय सांगायचं? पण सांगावं लागेल, कारण त्या बांधीत मी एकटी नव्हते.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. साकोलीला बी.ए. करून घरी बसले होते. आमचं गाव एकोडीच्या पलीकडे, तलावाच्या खालच्या अंगाला. चारी बाजूंनी मातीचे धुरे, म्हणजे बांध, मधे पाणी, पाण्यात धान. आमच्याकडे याला बांधी म्हणतात. बाबांच्या अशा चार बांध्या होत्या. सगळ्यात खालच्या बांधीला लागून माझ्या मैत्रिणीच्या घरची शेती सुरू व्हायची. मधे एक धुरा, त्यावरून दोघी समोरासमोर आलो तर एकीला पाण्यात पाय घालावा लागायचा.

मैत्रीण माझ्याहून वर्षाने लहान. बारावी सायन्स झालेली. तिच्या वडिलांचा एक पाय अधू होता, त्यामुळे शेती मायलेकीच करायच्या. पुढच्या जूनमध्ये कृषी पदविकेला प्रवेश घ्यायचं तिचं ठरलेलं होतं. खरं तर तिथे जाऊन तिनेच इतरांना शिकवावं, अशी तिची पिकावरची नजर होती. धुऱ्यावरून चालता चालता ती एकदम थांबायची, वाकायची, एक पान उलटं करून मला दाखवायची. मला नुसतं पान दिसायचं.

उन्हाळ्यात गावात एक सर आले. राज्यभर चालणाऱ्या तरुण शेतकऱ्यांच्या एका कार्यक्रमाचे ते आमच्या तालुक्याचे समन्वयक होते. विहाराच्या सभागृहात त्यांनी बैठक घेतली. गावातल्या दहा तरुणांनी गट करायचा, एक बांधी नवीन पद्धतीने कसायची, प्रत्येक कामाचा फोटो ॲपवर टाकायचा, त्याला गुण मिळणार. तालुका, जिल्हा, विभाग आणि शेवटी पुण्याला राज्य. बैठकीला चहा होता, म्हणून पोरं बऱ्यापैकी जमली. दहा नावं लिहून झाली. मी अध्यक्ष, मैत्रीण सचिव. बाकीचे आठजण पुढे वर्षभर फोटोपुरते येत राहिले.

बांधी कोणाची, हा प्रश्न आला तेव्हा बाबा मागून म्हणाले, "आमची घ्या ना. खालची. तलावाचं पानी तिथंच सगळ्यात जास्त टिकते."

त्या वर्षी आम्ही जे जे केलं ते सगळं तिच्या डोक्यातून आलं. मिठाच्या पाण्यात बियाणं टाकून हलकं वर आलेलं फेकून दिलं. गादीवाफ्यावर पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठीची रोपं, टाकले. रोवणीला गावातल्या बाया हसत होत्या, कारण आम्ही दोरी धरून सरळ रेषेत रोवत होतो आणि माझी माय, जिचं अर्धं आयुष्य लोकांच्या बांध्यांत रोवण्यात गेलं, तिला आम्ही कुठे रोवायचं ते सांगत होतो. माय म्हणाली, "दोरी काढा वो, माह्या हातात दोरी हाये." पण फोटोसाठी दोरी दिसणं गरजेचं होतं. दोरी राहिली.

तालुक्यात आम्ही पहिल्या आलो. बीजप्रक्रियेत पहिल्या, रोवणीत पहिल्या, नोंदवहीत पहिल्या. नोंदवही तिने ठेवली होती. गावात कोणी मुलगी कशात पहिली आली की घरोघर सांगितलं जातं. आमचंही सांगितलं गेलं. मला ते आवडलं. फार आवडलं. बी.ए. करून घरी बसलेल्या मुलीला कोणी काही विचारत नाही, आणि आता सरपंच मला थांबवून विचारत होते, की पुढची फेरी कधी आहे.

पुढची फेरी भंडाऱ्याला होती. तिथे एकाने उभं राहून दहा मिनिटं सादरीकरण करायचं होतं. ते तिनेच करायचं, यात आम्हाला दोघींनाही शंका नव्हती. सर तयारी बघायला आले. ती उभी राहिली आणि आपण एकमेकींशी बोलतो तशी बोलायला लागली. पाणी किती, खत कधी, पान पिवळं पडलं तर आधी कुठे बघायचं. सर मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "माहिती एकदम मस्त आहे. पण बेटा, मोठ्या साहेबांसमोर मले-तुले नाही चालत. भाषा थोडी शुद्ध लागते."

ती हसली. खरंच हसली, राग नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बोल वो. तुले येते पुस्तकावानी बोलता. मी सांगून देईन काय काय सांगायचं ते."

मी नको म्हणायला हवं होतं. एकदा तरी. मी म्हणाले, "पक्कं ना?"

भंडाऱ्याच्या सभागृहात मी बोलले. ती मागच्या रांगेत बसली होती. पहिला क्रमांक आला तेव्हा मंचावर मला बोलावलं, गटाच्या वतीने. परतीच्या एसटीत बक्षिसाची ढाल माझ्या मांडीवर होती. तिने खिडकीकडे बघतच मला सांगितलं, "करपा बुरशीनं येते. तू कीड म्हणली." मी विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं असेल?" ती म्हणाली, "नाही. तिथं कोणालेच समजलं नाही." आणि आम्ही दोघी साकोली येईपर्यंत हसत राहिलो. त्या वर्षातलं हसणं एवढंच आठवतं.

दसऱ्याच्या सुमाराला धान निसवलं. लोंब्या बाहेर आल्या, वाकायला लागल्या. धुऱ्यावर उभं राहिलं की एकसारखी हिरवी गादी अंथरल्यासारखी बांधी दिसायची. एका सकाळी ती आमच्या घरी आली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. "चाल," एवढंच म्हणाली.

बांधीच्या मधोमध नेऊन तिने धानाची एक चूड, म्हणजे रोपांचा झुबका, दोन्ही हातांनी फाकवली. "बुडाशी पाह्य. वरून नको पाहू." बुडाशी, पाण्याच्या जरा वर, तपकिरी ठिपके होते. तिने चुडीला टिचकी मारली. ठिपके पाण्यात उडाले आणि पुन्हा चुडीवर चढू लागले.

"तुडतुडा," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात एका चुडीवर चार-पाच होते. आता मोजताच येत नाही. आजच पानी काढ. बांधी कोरडी कर, अन् बुडाशी फवारा मार. उद्या नाही, आजच."

आमची बांधी सेंद्रिय गटात होती, रासायनिक फवारणी केली तर आम्ही बाद. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग निंबोळीचा मार. पन पानी तरी काढ. पान्याशिवाय तो राहत नाही."

मी सरांना फोन केला. सर म्हणाले, विभागाची समिती येत्या सोमवारी बांधी पाहायला येणार आहे. "आता पाणी काढलं तर जमीन भेगाळते बेटा. समितीसमोर भेगाळलेली बांधी दाखवणार का? चार दिवसांचा प्रश्न आहे. मग काय करायचं ते करा."

चार दिवस मला फार वाटले नाहीत. मी तिला सांगितलं. ती आपल्या बांधीकडे गेली आणि तिथलं पाणी तिने त्याच दिवशी सोडून दिलं. पण तिची बांधी आमच्या खाली होती. आमचं पाणी धुऱ्यातून पाझरत तिच्याकडे जात राहिलं.

सोमवारी समिती आली नाही. बुधवारी येणार होती. मग पुढचा सोमवार ठरला, कारण एका साहेबांची मुंबईला बैठक लागली. दरवेळी ती धुऱ्यावर उभी राहून मला विचारायची, "आता?" आणि दरवेळी मी तिला नवा वार सांगायचे. एकदा ती म्हणाली, "काहून असं करून राहिली तू? तुले दिसून नाही राहिलं काय?"

मला दिसत होतं. हे मला नीट लिहिलं पाहिजे. नंतर मी बऱ्याच लोकांना सांगितलं की मला कळलंच नाही, मला अनुभव नव्हता, सरांनी सांगितलं म्हणून ऐकलं. त्यातलं शेवटचं खरं आहे. पण तोवर चुडी फाकवायचीही गरज उरली नव्हती. बांधीत उतरलं की पायावर तुडतुडे चढायचे.

बाबांनीही एकदा विचारलं, "पानी काढू का, पोरी? फावडं इथंच हाये." मी म्हणाले, "दोन दिवस थांबा, बाबा." माझ्या बाबांनी जन्मभर धान केलं होतं. त्यांनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं, कारण मुलगी जिल्ह्यात पहिली आली होती.

समिती दोन आठवड्यांनी आली. त्या दिवशी सकाळी मी एकटी बांधीवर गेले. तलावाकडच्या कोपऱ्यात एक पिवळा गोल पडला होता, खाटेएवढा. त्यातलं धान उभंच होतं, पण त्यात जीव नव्हता. मी घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. साहेब आले तेव्हा मी त्यांना दुसऱ्या धुऱ्यावरून नेलं, आणि फोटोच्या वेळी गटाला अशा जागी उभं केलं की तो कोपरा आमच्या पाठीमागे जाईल. आठजण आले होते, नवे कपडे घालून. मैत्रीण आली नव्हती. साहेब वीस मिनिटं थांबले. एकाने एक लोंबी तोडून हातावर चोळली आणि म्हणाला, "वा. हे आहे खरं काम."

गाड्या गेल्यावर मी धावत जाऊन पाणी सोडलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता. चार दिवसांत खाटेएवढा गोल घराएवढा झाला, मग दुसरा पडला, मग ते एकमेकांना मिळाले. बांधी उभी जळाल्यासारखी दिसत होती, आग न लागता. आमच्या वरच्या बांध्या बाबांनी रात्रंदिवस फवारून थोड्याफार वाचवल्या. खालची, मैत्रिणीची, वाचली नाही. तिने पाणी वेळेवर काढलं होतं, निंबोळी मारली होती, धानात पट्टे पाडून हवा खेळती केली होती. जे करायचं असतं ते सगळं तिने केलं होतं. तुडतुडे माझ्या बांधीतून तिच्याकडे येत राहिले.

मी एकदा तिच्या धुऱ्यावर गेले. तिची माय वाळलेलं धान विळ्याने कापत होती, गुरांना तरी होईल म्हणून. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "बस बाई, उभी काहून?" बसायला तिथे काहीच नव्हतं. मैत्रीण पलीकडच्या टोकाला होती, ती वळली नाही. मी परत आले.

विभागात आम्ही पहिल्या आलो. राज्याच्या फेरीसाठी पुण्याला गेलो, म्हणजे मी आणि सर. मैत्रिणीचंही तिकीट काढलं होतं, ती आली नाही. पुण्यात मोठ्या पडद्यावर आमच्या बांधीचे फोटो दिसत होते. सगळे खरे, तारीख आणि ठिकाण कोपऱ्यात छापलेलं. मी बोलत गेले. शेवटी परीक्षकांतल्या एक बाई म्हणाल्या, "खूप छान. उत्पादन किती आलं?"

गाडीत सरांनी मला सांगून ठेवलं होतं, हा प्रश्न आला तर काय म्हणायचं.

"कापणी सुरू आहे, मॅडम," मी म्हणाले.

आम्हाला राज्याचा पहिला क्रमांक मिळाला. मी मंचावर कशी गेले ते आठवत नाही. गावी आले तेव्हा बसस्टॉपवर लोक हार घेऊन उभे होते. विहारासमोर सत्कार झाला. बाबा समोर बसले होते, अंगात पांढरा सदरा. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण माझ्याकडे बघताना त्यांची नजर ठरत नव्हती, आणि हे त्यांचं मलाच कळत होतं. सत्कारानंतर घरी त्यांनी मला विचारलं, "तिथं कोनी विचारलं नाही काय, धान कसं झालं म्हनून?"

"विचारलं."

"मंग?"

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "अच्छा." मग उठून ढोरांना चारा टाकायला गेले.

मैत्रीण तोवर पवनीकडे गेली होती, मिरचीच्या सातऱ्यावर. हिवाळ्यात तिकडे मोकळ्या पटांगणांत लाल मिरचीचे ढीग लागतात आणि रांगेने बसलेल्या बाया दिवसभर देठ खुडतात. मी शोधत गेले. वाटेतच खोकला सुरू झाला. ती डोक्याला, तोंडाला फडकं बांधून बसली होती, डोळ्यांवरून ओळखलं. मी तिच्याजवळ बसले आणि नीट रचून नेलेलं सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "मी खोटं बोलले."

"फोटो खरेच होते," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"तू माझ्यावर राग काढ. काही तरी बोल."

"काय बोलू? रागावले तर मिरची थांबते काय?" मग जरा वेळाने, "हात लाऊ नको डोळ्याले. तुले सवय नाही."

तिची बोटं सुजली होती, नखांच्या कडा लाल. मी पदविकेचं विचारलं. ती म्हणाली, पाहू. आम्ही दोघीही त्या 'पाहू'चा अर्थ जाणत होतो. तिच्या शेजारची बाई मला म्हणाली, "ताई, बसायचं असन तर देठ खुडा, नाहीतर मुकादम बोलते." मी थोडी मिरची खुडली. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत हातांची आग होत होती. आणि मला त्या आगीचं बरं वाटत होतं, याची आज लाज वाटते. तिच्या हातांना ती आग रोजची होती.

त्यानंतर आठवडाभराने मी ढाल आणि प्रमाणपत्र पिशवीत घालून भंडाऱ्याला कार्यालयात गेले. सगळं सांगायचं ठरवलं होतं. सरांच्या वरचे एक साहेब होते, वयस्कर, स्वभावाने भले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, शेवटपर्यंत ऐकलं. पिवळा गोल, दुसरा धुरा, कापणी सुरू आहे, मैत्रिणीची बांधी, सगळं. मला वाटलं ते रागावतील. मला ते रागावायला हवे होते.

ते म्हणाले, "बेटा, किडीचा प्रादुर्भाव तर नैसर्गिक आहे. त्यात तुझा काय दोष?"

"पण सर, बक्षीस चुकीचं आहे."

"बक्षीस पद्धतीला आहे. उत्पादनाला कुठे आहे?" त्यांनी टेबलावरून एक पुस्तक उचलून माझ्यासमोर ठेवलं. वर्षभरातल्या यशाचा अहवाल, गुळगुळीत कागदावर छापलेला. आतल्या पहिल्याच पानावर आमचा गट होता. आठजण आणि मी, मागे हिरवं धान. खाली लिहिलं होतं, या गटाच्या प्रेरणेने परिसरातील शेतकऱ्यांनीही पद्धत स्वीकारली. "हे राज्यभर गेलं आहे," ते म्हणाले. "आता परत कसं बोलवायचं? तू अशी निराश होऊ नको. तुझ्यासारख्या मुलींची गरज आहे इथे."

आणि त्यांनी मला तिथेच, तालुका समन्वयकाच्या मदतनीसाचं कंत्राटी काम देऊ केलं.

मी ढाल पिशवीत घालून परत आले. कामाला नाही म्हणायला मला चार दिवस होते. पाचव्या दिवशी मी हजर झाले. घरी कोणी काही विचारलं नाही आणि कोणी समजावलंही नाही. बाबांनी पुढच्या हंगामात चारही बांध्या दुसऱ्याला कसायला दिल्या. कंबर दुखते, म्हणाले. कंबर आधीही दुखायची.

जूनमध्ये पदविकेच्या प्रवेशाचे दिवस आले आणि गेले. आमच्या कार्यक्रमात एक शिफारसपत्र मिळतं, ते घेऊन मी मैत्रिणीच्या घरी गेले होते. तिच्या मायने चहा दिला. मायनेच विचारलं, सचिव म्हणून पोरीचं नाव आहे का त्यात? मी पाहिलं. पत्रात अहवालातलीच नावं होती, फोटोत होते त्यांची. तिचं नव्हतं. मी म्हणाले, दुरुस्त करून आणते. तीन वेळा अर्ज दिला. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अहवालात होईल असं उत्तर आलं, आणि पुढच्या वर्षीचा अहवाल पुढच्या वर्षीच्या लोकांचा होता.

त्या हिवाळ्यात मैत्रिणीचं लग्न झालं. नवरा वरठीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. मला पत्रिका आली होती. गेले. तिने मला बाकीच्या पाहुण्यांसारखंच जेवून जा म्हटलं.

मी अजून त्याच कामात आहे. गावोगाव जाते, गट करते, फोटो तपासते, मार्चमध्ये यश लिहून वर पाठवते. मला ते चांगलं लिहिता येतं. कामात मी आता पुष्कळ शिकले. चूड फाकवून बुडाशी काय आहे ते मला दिसतं. मी मुलींना सांगते, पाणी काढा, गुण गेले तर जाऊ द्या. काही ऐकतात. ज्या ऐकतात त्यांचे गट पुढे जात नाहीत, आणि पुढच्या वर्षी ते नाव नोंदवत नाहीत. मी हे वर कळवलं आहे. दोनदा लेखी. त्याची पोच आहे माझ्याकडे.

मागच्या उन्हाळ्यात कामानिमित्त वरठीला गेले होते, तेव्हा तिच्या खोलीवर गेले. स्टेशनच्या मागच्या बाजूला चाळीसारख्या खोल्या आहेत. दारात ती तांदूळ निवडत होती, दुकानातला, पिशवीतला. तिची मुलगी आत झोपली होती. आम्ही मुलीबद्दल बोललो, मग तिच्या मायच्या गुडघ्याबद्दल. मी कसंबसं विचारलं, की इकडे कोणाच्या शेतावर वगैरे जातेस का कधी.

"नाही," ती म्हणाली. "माहेरी जातानी गाडीतून दिसते धान. पायत नाही मी तिकडं."

"का?"

ती तांदळातला खडा चिमटीत धरून उंबऱ्याबाहेर टाकत होती. म्हणाली, "पायलं का समजते ना, काय होऊन राहिलं ते. अन् मंग सांगू कोनाले?"

आत मुलगी जागी झाली. ती उठून गेली.  मी चपला घातल्या, येते म्हणून आवाज दिला. आतून "हो" आलं. मी स्टेशनच्या रस्त्याला लागले. ऊन फार होतं आणि भंडाऱ्याची ऑटो बराच वेळ मिळाली नाही.